विश्लेषण : सुरांना रंग देऊ पाहणारे स्क्रियाबिन कोण होते? आजच्या लाइव्ह शोमधील ‘व्हिज्युअल्स’शी त्यांचा संबंध काय?

लाइव्ह कॉन्सर्टमध्ये बेस घुमला की मागच्या एलईडी भिंतीवर रंग उसळतो. गायिकेने तान घेतली की रेषा थरथरतात, ड्रम थांबला की पडदा काळा होतो. हे आता मोठ्या स्टेडियममध्येच दिसते असे नाही, कॉलेज फेस्टमध्येही दिसते. एक बरा लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. मात्र ऑर्केस्ट्राच्या स्वरलिपीत व्हायोलिन, बासरी, तुतारीच्या बरोबरीने दिव्यांसाठी स्वतंत्र ओळ लिहिणारा संगीतकार ११० हून अधिक वर्षांपूर्वी मॉस्कोत होऊन गेला. अलेक्झांडर निकोलायेविच स्क्रियाबिन हे त्यांचे नाव. त्यांची ‘प्रोमेथियस’ ही रचना त्यांच्या हयातीत रंगीत दिव्यांसह जाहीरपणे एकदाच सादर झाली. ती न्यूयॉर्कमध्ये झाली आणि स्वतः स्क्रियाबिन तेव्हा रशियात होते. त्यानंतर ३८ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

हा माणूस कोण होता, त्याला नेमके काय हवे होते आणि ते का जमले नाही, हे समजून घेऊ.

बालपण कसे गेले?

स्क्रियाबिन यांचा जन्म ६ जानेवारी १८७२ चा. रशियात त्या वेळी जुने कॅलेंडर चालत असे, त्यानुसार ही तारीख १८७१ च्या नाताळची, म्हणजे २५ डिसेंबरची येते. पुढे स्वतःला जगाचा तारणहार समजू लागलेल्या या माणसाला हा योगायोग फार आवडत असे.

आई ल्युबोव्ह उत्तम पियानोवादक होत्या. मुलगा जेमतेम वर्षाचा असताना क्षयाने त्यांचे निधन झाले. वडील पौर्वात्य भाषा शिकून राजनैतिक सेवेत गेले आणि त्यांची बरीचशी नोकरी तुर्कस्तानात गेली. आजी आणि आत्या यांनी मुलाला वाढवले. आत्याचे नावही ल्युबोव्हच. तिनेच त्याला पियानोची ओळख करून दिली. लहानग्या अलेक्झांडरला पियानो वाजवण्याइतकीच तो आतून कसा चालतो याचीही उत्सुकता होती. तो लाकडाचे छोटे पियानो स्वतः बनवत असे आणि घरी आलेल्या पाहुण्यांना भेट देत असे. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मोठेपणी यंत्राच्या बाबतीत मात्र त्यांना कायम दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले.

घराणे लष्करी परंपरेचे असल्याने दहाव्या वर्षी त्याला मॉस्कोच्या कॅडेट शाळेत घातले गेले. शरीराने नाजूक असलेल्या या मुलाला तिथे कवायतीतून बरीच सूट मिळाली. त्याच काळात निकोलाय झ्वेरेव्ह या कडक शिस्तीच्या शिक्षकाकडे त्याचे पियानोचे शिक्षण सुरू झाले. त्याच शिक्षकाच्या घरी राहून शिकणारा आणखी एक मुलगा म्हणजे सर्गेई राखमानिनोव्ह. दोघे पुढे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतही एकत्र होते.

हाताला दुखापत कशी झाली?

स्क्रियाबिन यांचा पंजा लहान होता. सप्तकाच्या थोडे पुढेच त्यांची बोटे पोहोचत. वर्गात जोसेफ लेविनसारखे ताकदवान वादक होते. त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या नादात स्क्रियाबिन यांनी लिस्ट आणि बालाकिरेव्ह यांच्या अतिशय अवघड रचनांचा बेसुमार सराव केला आणि १८९१ च्या सुमारास उजवा हात निकामी करून घेतला. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखेच सांगितले होते. पियानोवादकाच्या आयुष्यात, तेही विशीच्या उंबरठ्यावर, याहून वाईट बातमी नसते.

या काळात त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिल्या पियानो सोनाटाचा शेवट त्यांनी शवयात्रेच्या संगीताने केला. दुसरे म्हणजे केवळ डाव्या हाताने वाजवायचे एक प्रेल्यूड आणि एक नॉक्टर्न लिहिले. या दोन छोट्या रचना आजही जगभर वाजवल्या जातात. हळूहळू उजवा हात सुधारला. १८९२ मध्ये ते सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. मोठे सुवर्णपदक राखमानिनोव्ह यांना मिळाले, स्क्रियाबिन यांना छोटे. रचनाशास्त्राच्या शिक्षकांशी खटके उडाल्याने त्या विषयाची पदवी मात्र त्यांनी घेतलीच नाही. रशियातील सर्वांत धाडसी संगीतकारांपैकी एकाकडे संगीतरचनेची पदवी नव्हती.

लाकडाच्या व्यापारात श्रीमंत झालेले मित्रोफान बेल्यायेव्ह यांनी त्यांचे संगीत छापायला घेतले आणि दौऱ्यांचा खर्चही उचलला. १८९७ मध्ये व्हेरा इसाकोविच या पियानोवादक तरुणीशी लग्न झाले. १८९८ पासून कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापकी सुरू झाली. म्हणजे बाहेरून पाहता सगळे मार्गी लागले होते.

मग ते थिऑसॉफीकडे कसे वळले?

प्राध्यापकी त्यांनी १९०३ मध्ये सोडली आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड गाठले. त्याच सुमारास तातियाना श्लोएझर या तरुणीबरोबर त्यांचे नाते जुळले. व्हेरा आणि मुले मागे पडली. १९०५ मध्ये थोरली मुलगी रिम्मा सात वर्षांची असताना वारली. व्हेरा यांनी घटस्फोट दिला नाही. घरदार आणि स्वतःची मैफलींची कारकीर्द सांभाळून त्या नवऱ्याच्याच रचना वाजवत राहिल्या. स्क्रियाबिन यांच्यावरील भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत या बाईंच्या वाट्याला फारच थोड्या ओळी येतात. १९०७ मध्ये स्क्रियाबिन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तातियाना तिथे पोहोचल्या. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यावर तिथे कारवाई होऊ शकते अशी कुणकुण लागताच दोघांनी घाईघाईने देश सोडला.

याच अस्थिर काळात, १९०५ च्या सुमारास, त्यांच्या हाती हेलेना ब्लाव्हात्स्की यांचे थिऑसॉफीवरील पुस्तक आले. इथे मुंबईचा धागा लागतो. ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले होते आणि गिरगावात राहिले होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे मासिक त्याच वर्षी मुंबईतून सुरू झाले. सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला हलले ते १८८२ च्या अखेरीस. वेदांत, बौद्ध विचार आणि पाश्चात्त्य गूढवाद यांची जी मिसळ त्या वर्षांत तयार होत होती, ती पुस्तकरूपाने युरोपभर पसरली आणि स्क्रियाबिन यांच्यापर्यंत पोहोचली. विश्व म्हणजे कंपने, नाद आणि प्रकाश ही एकाच तत्त्वाची रूपे, ही कल्पना त्यांच्या मनात पक्की बसली. ब्रसेल्समध्ये त्यांना याच विचारांचे मित्र भेटले. त्यांपैकी चित्रकार जाँ देलव्हिल यांनी पुढे ‘प्रोमेथियस’चे मुखपृष्ठ काढले.

थिऑसॉफीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा वेगळा प्रश्न. एक मात्र खरे, की तिच्याशिवाय दिव्यांची ओळ लिहिली गेली नसती.

त्यांना खरेच सुरांत रंग दिसत होते का?

यावर आजही वाद आहे. काही माणसांच्या मेंदूत एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते. आकडा वाचला की रंग दिसतो, आवाज ऐकला की चव जाणवते. याला सिनेस्थेशिया म्हणतात. पॅरिसमध्ये १९०७ साली स्क्रियाबिन, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि राखमानिनोव्ह एका कॅफेत बसले असताना हा विषय निघाल्याची आठवण राखमानिनोव्ह यांनी पुढे सांगितली. डी मेजर हा सोनेरी पिवळा, यावर पहिल्या दोघांचे एकमत होते. राखमानिनोव्ह यांना ते पटेना. तेव्हा त्यांच्याच ऑपेरातील सोन्याच्या पेट्या उघडण्याचा प्रसंग डी मेजरमध्ये आहे, हे त्यांना दाखवून देण्यात आले.

स्क्रियाबिन यांच्या तक्त्यात सी म्हणजे लाल, जी नारिंगी, डी पिवळा, ए हिरवा, ई निळसर पांढरा, एफ शार्प गडद तेजस्वी निळा, डी फ्लॅट जांभळा. हा क्रम पाहिला की शंका येते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर षड्जावरून पंचमावर जायचे, त्या पंचमाला नवा षड्ज मानून पुन्हा त्याच्या पंचमावर जायचे. असे बारा वेळा केले की आपण फिरून पहिल्या स्वरावर येतो. या षड्ज-पंचमाच्या साखळीवर स्क्रियाबिन यांनी इंद्रधनुष्याचे रंग जवळपास ओळीने मांडले आहेत. खऱ्या सिनेस्थेशियात रंग इतके शिस्तीत बसत नाहीत, ते व्यक्तिगणिक अस्ताव्यस्त असतात. म्हणून काही स्वर-रंग जोड्या त्यांना आतून जाणवल्या असतील आणि उरलेल्या त्यांनी तर्काने भरून काढल्या असतील, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१४ मध्ये त्यांची भेट घेऊन या विषयावर शोधनिबंध लिहिला होता. एकेका सुट्या सुराचा रंग स्क्रियाबिन यांना फारसा जाणवत नसे, स्वरसंहतीचा पाया बदलला की रंग बदलल्याची भावना होत असे, असे त्यातून दिसते.

तंत्राच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण त्यांच्या दिव्यांनी आवाजाचा नव्हे, तर संगीताच्या रचनेचा माग काढायचा होता.

‘प्रोमेथियस’मध्ये दिव्यांची ओळ म्हणजे काय?

‘प्रोमेथियस : अग्नीचे काव्य’ ही रचना १९१० मध्ये पूर्ण झाली. लांबी साधारण २० मिनिटे. मोठा ऑर्केस्ट्रा, पियानो, ऑर्गन, घंटा आणि शब्दांशिवाय गाणारा कोरस एवढा लवाजमा. छापील स्वरलिपीच्या पानावर सर्वांत वर एक पट्टी आहे आणि तिच्यावर ‘लुचे’ असे लिहिले आहे. इटालियनमध्ये लुचे म्हणजे प्रकाश. इतर वाद्यांसारखेच त्या पट्टीवर स्वर लिहिलेले आहेत. फरक एवढाच, की ते वाजवल्यावर आवाज न येता रंग उमटायचा.

या पट्टीत एकाच वेळी बहुधा दोन स्वर असतात. पहिला भराभर बदलतो. ऑर्केस्ट्रात त्या क्षणी जी सहा स्वरांची गूढ संहती चालू आहे तिचा पाया कोणता, हे तो सांगतो. दुसरा स्वर अतिशय संथ आहे. तो मिनिटमिनिटभर, कधी त्याहून जास्त काळ, एकाच जागी राहतो आणि पूर्ण रचनेत एफ शार्पपासून निघून पायरीपायरीने चढत पुन्हा एफ शार्पवर येतो. सुरुवातीला पट्टीवर एफ शार्प आणि ए आहेत, म्हणजे निळ्या प्रकाशात हिरवा मिसळलेला. शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा एफ शार्प मेजरच्या लखलखीत संहतीवर फुटतो, तेव्हा सभागृह निळ्या प्रकाशाने भरून जावे अशी अपेक्षा होती.

छापील प्रतीत एवढेच होते. पण स्क्रियाबिन यांनी स्वतःच्या हाताने टिपणे केलेली एक प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात ठिकठिकाणी ठिणग्या, वीज, ज्वाळा, प्रकाशाचा स्फोट अशा सूचना आहेत. त्यांच्या डोक्यातली ‘व्हिज्युअल्स’ नुसत्या रंग बदलणाऱ्या बल्बपेक्षा फार पुढची होती.

१९११ मध्ये दिवे का लागले नाहीत?

पहिला प्रयोग १५ मार्च १९११ रोजी मॉस्कोत झाला. संचालन सर्गेई कुसेवित्स्की यांचे आणि पियानोवर स्वतः स्क्रियाबिन. दिव्यांच्या यंत्राने साथ दिली नाही आणि रचना दिव्यांविनाच सादर करावी लागली. लंडनला १९१३ मध्ये हेन्री वुड यांनी ती एकाच मैफलीत दोनदा वाजवली, श्रोत्यांच्या कानी नीट पडावी म्हणून. तिथेही दिवे नव्हते.

स्क्रियाबिन यांचे मित्र अलेक्झांडर मोझर यांना विजेच्या तंत्राची उत्तम जाण होती. त्यांनी एक उपकरण बनवून दिले होते. गोल लाकडी पाटावर वर्तुळात लावलेले रंगीत बल्ब आणि त्यांचे स्विच, असे त्याचे साधे रूप. घरच्या मैफलींत ते वापरले जाई. खोलीपुरते ते ठीक होते. पण दिवाणखान्यातला बल्ब आणि दीड-दोन हजार माणसांचे सभागृह यांत मोठे अंतर आहे.

अडचणी मोजायला घेतल्या तर बऱ्याच निघतात, पण एक विशेष बोचरी आहे. तारेच्या बल्बच्या प्रकाशात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा भाग अगदी थोडा असतो. निळी काच लावली की बराचसा प्रकाश तिथेच अडतो. त्यात बल्ब मंद केला की तार थंड होते आणि उजेड आणखी तांबूस होतो, म्हणजे उरलासुरला निळाही जातो. स्क्रियाबिन यांचा सर्वांत महत्त्वाचा स्वर एफ शार्प, त्याचा रंग निळा. रचनेचा आरंभ आणि कळस, दोन्हीकडे जो रंग हवा होता, नेमका तोच त्या काळच्या बल्बना सर्वांत कमी झेपणारा होता. कार्बन आर्क दिवे प्रखर असत आणि त्यांत निळाही भरपूर असे, पण ते संगीताच्या लयीत चटकन मंद-तेज करणे अशक्यप्राय. आज निळी एलईडी काही रुपयांना मिळते. ती व्यवहारात आली १९९० च्या दशकात आणि तिच्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले.

स्वर आणि रंग जोडण्याचा प्रयत्न स्क्रियाबिन यांच्या आधीही झाला होता. फ्रेंच जेझुइट लुई बेर्त्राँ कास्तेल यांनी १७२५ मध्ये रंगांच्या हार्प्सिकॉर्डची कल्पना मांडली होती. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन यांनी १८९३ मध्ये ‘कलर ऑर्गन’चे पेटंट घेतले होते. पण त्यांनी यंत्र आधी बनवले. स्क्रियाबिन यांनी संगीत आधी लिहिले आणि यंत्र मागून येईल असे गृहीत धरले.

आजचा लॅपटॉप हे काम करू शकेल का?

प्रश्न सोपा वाटतो, उत्तर तितकेसे सोपे नाही. आज लाइव्ह शोमध्ये मिक्सरमधून आवाजाची एक लाइन ऑडिओ इंटरफेसमार्फत लॅपटॉपला दिली जाते. सॉफ्टवेअर त्या आवाजाचे छोटे-छोटे तुकडे घेते आणि प्रत्येक तुकड्यात कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे हे फूरिये रूपांतराने मोजते. खालच्या पट्ट्यातील जोर वाढला की वर्तुळ मोठे करा, वरच्या पट्ट्यातील वाढला की ठिणग्या उडवा, अशा जोडण्या आधीच करून ठेवलेल्या असतात.

यात एक देवाणघेवाण अटळ आहे. सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले आणि १,०२४ नमुन्यांचा तुकडा केला, तर एक तुकडा साधारण २१ मिलिसेकंदांचा होतो. चित्र आवाजाबरोबर चालल्यासारखे वाटते. पण मग सुमारे ४७ हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर वेगळे कळत नाहीत. डबल बासच्या सर्वांत खालच्या ई आणि त्याच्या लगतच्या एफमध्ये अंतर अवघे अडीच हर्ट्झ आहे. ते ओळखायचे तर सुमारे ०.४ सेकंद ऐकत थांबावे लागते. तेवढ्या वेळात संगीत पुढे गेलेले असते आणि दिवे मागे रेंगाळतात. वेग हवा की अचूकता, याची निवड प्रत्येक शोच्या आधी कोणीतरी करतच असते.

आणि एवढे करूनही यंत्राला कळतो तो आवाज. स्क्रियाबिन यांचा दिवा ज्या पायास्वराचा माग काढतो, तो ऑर्केस्ट्रात सर्वांत जोरात वाजत असेलच असे नाही. दुसरी, संथ ओळ तर कानाला स्वतंत्रपणे ऐकूच येत नाही. ती रचनेच्या आराखड्यात आहे. त्यामुळे डेसिबल मोजणारे कोणतेही सॉफ्टवेअर नुसते ऐकून ‘प्रोमेथियस’चे दिवे बरोबर लावू शकणार नाही. तिथे स्वरलिपी समोर ठेवून, संचालकाच्या हाताकडे पाहत कळ दाबणारा माणूसच लागतो. अनेक मोठ्या शोमध्ये आजही हेच होते. चमचमाट आवाजावर सोडलेला असतो, पण दृश्य बदलण्याचा क्षण ऑपरेटरच्या बोटाखाली असतो.

न्यूयॉर्कमध्ये काय घडले?

कॉन्झर्व्हेटरीतील जुने परिचित मोदेस्त आल्टशुलर अमेरिकेत रशियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा चालवत होते. त्यांनी चंगच बांधला. प्रेस्टन मिलर या प्रकाशतंत्रज्ञाने ‘क्रोमोला’ नावाचे यंत्र तयार केले. कळा दाबल्या की रंगीत दिवे लागायचे आणि त्यांचा प्रकाश पडद्यावर पडायचा. २० मार्च १९१५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये प्रयोग झाला.

लोकांनी कुतूहलाने गर्दी केली, समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. भव्य सभागृहात पडदा लहानसा दिसत होता. त्यावर रंग बदलत होते, पण त्यांचा संगीताशी संबंध काय हे प्रेक्षकांना उमगत नव्हते. अपेक्षा होती संपूर्ण सभागृह प्रकाशात बुडण्याची, आणि मिळाला ऑर्केस्ट्राच्या जवळ टांगलेला रंगीत चौकोन. शिवाय दिवे संहतीच्या पायाबरोबर बदलतात हे आधी माहीत नसेल, तर ते कुणाला आपोआप कळणार नव्हतेच. ढोलाबरोबर दिवा लागला तर लहान मूलही ओळखते. पायास्वर बदलल्याबरोबर लागला तर संगीताचा विद्यार्थीही चाचपडतो. हा दोष एकट्या यंत्राच्या माथी मारता येत नाही, तो काही अंशी रचनेतलाच आहे.

महायुद्ध सुरू होते. स्क्रियाबिन रशियात अडकलेले होते. त्यांना हा प्रयोग पाहता आला नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी काय होणार होते?

‘प्रोमेथियस’ ही त्यांच्या दृष्टीने केवळ तयारी होती. ‘मिस्तेरियम’ नावाच्या महाविधीचे स्वप्न ते अनेक वर्षे पाहत होते. तो भारतात, हिमालयाच्या सान्निध्यात, सात दिवस चालायचा होता. संगीत, नृत्य, प्रकाश, सुगंध, स्पर्श सगळे एकत्र. प्रेक्षक कुणीच नाहीत, सगळेच सहभागी. आणि शेवटी आनंदाच्या परमोच्च क्षणी हे जगच विरघळून नव्या मानवजातीला वाट मोकळी करून देईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. हे वाचताना हसू येते. त्यांच्या मित्रांनाही येत असे. पण त्या हट्टाखेरीज त्यांच्या शेवटच्या पाच सोनाटा, ज्यांत पाश्चात्त्य संगीताची जुनी चौकट जवळपास मोडली आहे, लिहिल्या गेल्या असत्या का, हा प्रश्न उरतोच.

१९१४ मध्ये लंडनच्या दौऱ्यावर असताना त्यांनी भारतप्रवासासाठी उन्हाळी टोपी आणि पांढरे कपडेही खरेदी केले. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि बेत बारगळला. भारत त्यांनी कधीच पाहिला नाही.

लंडनमध्येच त्यांच्या वरच्या ओठावर एक पुळी आली होती. ती तेव्हा बरी झाली. पुढच्या एप्रिलमध्ये पेट्रोग्राडची मैफल आटोपून ते मॉस्कोला परतले आणि त्याच जागी ती पुन्हा उमटली. काही दिवसांत विष रक्तात भिनले, ताप चढला. शस्त्रक्रिया करून पाहिल्या. प्रतिजैविकांचा शोध अजून लागायचा होता. २७ एप्रिल १९१५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते गेले. ‘मिस्तेरियम’च्या केवळ पूर्वरंगाची काही पानांची टिपणे मागे राहिली. त्यांवरून अलेक्झांडर नेमतिन या रशियन संगीतकाराने नंतर पंचवीसहून अधिक वर्षे खपून एक मोठी रचना उभी केली.

घरात पैसा नव्हता. राखमानिनोव्ह यांनी वर्गमित्राच्या रचना वाजवत मैफली केल्या आणि कुटुंबाला मदत केली. तातियाना यांच्या मुलांना वडिलांचे आडनाव लावता यावे यासाठी व्हेरा यांनी अखेर संमती दिली. त्यांपैकी ज्युलियन अकराव्या वर्षी द्नीपर नदीत बुडाला. तोवर तो वडिलांच्या शैलीत चांगल्या रचना करू लागला होता. मुलगी आरियाद्ना दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती. १९४४ मध्ये तुलूझमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या.

पुढे त्या दिव्यांचे काय झाले?

मॉस्कोतील ज्या फ्लॅटमध्ये स्क्रियाबिन अखेरची तीन वर्षे राहिले, तिथे १९२२ मध्ये संग्रहालय झाले. मोझर यांचा बल्बचा पाट तिथे जपून ठेवला आहे.

येवगेनी मुर्झिन या सोव्हिएत अभियंत्याने प्रश्न नेमका उलटा केला. आवाजातून चित्र काढण्याऐवजी चित्रातून आवाज काढणारे यंत्र त्यांनी बनवले. काळा लेप दिलेल्या काचेवर संगीतकाराने ओरखडे काढायचे, त्यांतून प्रकाश जातो आणि ७२० शुद्ध स्वरांपैकी हवे ते ऐकू येतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पूर्ण झाले. मुर्झिन यांनी त्याला ‘एएनएस’ हे नाव दिले. ही अलेक्झांडर निकोलायेविच स्क्रियाबिन यांची आद्याक्षरे. तारकोव्हस्की यांच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ चित्रपटातील अवकाशस्थानकाचे गूढ आवाज एदुआर्द आर्तेम्येव्ह यांनी याच यंत्रावर तयार केले.

कझानमध्ये विमान अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी बुलात गालेयेव्ह यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ‘प्रोमेथियस’ दिव्यांसह सादर केले आणि त्यातून प्रकाश-संगीतावर प्रयोग करणारा ‘प्रोमेतेई’ हा गट उभा राहिला. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात संगीतअभ्यासक ॲना गॉबॉय आणि प्रकाशयोजनाकार जस्टिन टाउनसेंड यांनी पॅरिसच्या प्रतीतील टिपणे अभ्यासून नवा प्रयोग केला. या वेळी पडदा नव्हता. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या दिव्यांचा प्रकाश थेट सभागृहावर आणि प्रेक्षकांवर टाकला होता. सगळे बदल स्वरलिपीतील मात्रा मोजून आधीच भरून ठेवलेले होते. ते ऑर्केस्ट्राच्या वेगाबरोबर एकामागून एक सोडण्याचे काम मात्र माणसानेच केले.